एंडोस्कोपीपुरता चुलता

अरे, साताऱ्यात एकटी राहते म्हणून माझी एंडोस्कोपीच रद्द होणार होती, माहितीये? महिनाभर पोट दुखत होतं, सकाळपासून पाणीही नाही. आणि सिस्टर म्हणते, "गुंगीचं इंजेक्शन आहे. घरी न्यायला माणूस नसेल तर डॉक्टर करणार नाहीत. पुढची तारीख घ्या."

सांगलीला आईला मी कळवलंच नव्हतं, उगाच घाबरली असती. मला रडूच फुटलं.

शेजारच्या बाकावर एका आजींसोबत रहिमतपूरची सहा माणसं बसलेली. त्यातले मिशीवाले काका, मिलिटरीतून रिटायर झालेले, ताडकन उठले. "आमी सा जण हाय की! लिवा, मी चुलता. घरापत्तूर सोडतो पोरीला."

सिस्टरनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी लगेच म्हटलं, "हो, काकाच!" त्यांनी सही केली, मी फोन त्यांच्या हातात दिला आणि आत गेले.

डोळे उघडले तर काका शेजारीच उभे. मी घाबरतच विचारलं, "काय निघालं?"

"सादा अल्सर हाय, गोळ्यांनी जाईल. पर तुज्या आईचा फोन आल्ता, म्या उचलला. चुलता बोलतोय म्हनलो, तर ती पोलिसांत निघालीय! तुज्या बापाला भाऊच न्हाई, हे आदी सांगायचं न्हाई व्हय गं?"