वीस नावं, अठरा खुर्च्या

डिम्पना : एवढं एक प्रकरण काढून टाका, बाई. बाकी पुस्तक छान झालंय.

अट्रॅक्टा : कुठलं प्रकरण?

डिम्पना : सातवं. 'घरभेदी'.

अट्रॅक्टा : वा! तेच तर खरं पुस्तक आहे. बाकी काय, अडतीस वर्षं पाढे घोकून घेतले, नाताळची नाटकं बसवली, पोरांची नाकं पुसली. ते कुठलीही मास्तरीण लिहील.

डिम्पना : पण त्यात नुआला टॅन्सीचं नाव घातलंयत.

अट्रॅक्टा : घातलंय, चांगलं ठळक. चर्चच्या शंभरीला हे पुस्तक घरोघरी वाटणार आहेत. कळू दे गावाला.

डिम्पना : ती मार्चमध्ये गेली हो.

अट्रॅक्टा : गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला शिकवायला आलीस होय? चहा घे. आणि तो ब्रेड कोरडा खाऊ नकोस, लोणी लाव.

डिम्पना : नको. भूक नाही.

अट्रॅक्टा : पंचवीस वर्षं शाळा झाडली तिने. रोज अकरा वाजता स्टोव्हपाशी बसून आम्ही दोघी एका किटलीतला चहा प्यायचो. माझी आई गेली तेव्हा आल्यागेल्यांसाठी सँडविचं तिने केली. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आणि तीच बाई शिक्षण खात्याला पत्र लिहिते!

डिम्पना : तिने लिहिलं असं कोण म्हणालं?

अट्रॅक्टा : कोणी म्हणायला कशाला हवं? मला डोकं नाही का? तीस सप्टेंबरला हजेरीत वीस नावं हवीत, नाहीतर दुसऱ्या शिक्षिकेची, म्हणजे तुझी, जागा जाते. आपली पोरं अठरा. मल्व्हींची जुळी ऑगस्टातच गॉलवेला राहायला गेली. मी नावं तशीच ठेवली. हे ठाऊक कोणाला? मला, तुला आणि तिला. संध्याकाळी खुर्च्या बाकांवर चढवायची ना ती! अठराच भरायच्या. मला हसून म्हणायची, 'जुळ्यांना उभंच ठेवलंत का, बाई?'

डिम्पना : हसायची ना? मग?

अट्रॅक्टा : मग महिन्याभरात निरीक्षक दारात! जुळ्यांची नावं कागदावर लिहून आणलेली. मला वेळेआधी घरी बसवलं. ना निरोप, ना एक फूल. दुसऱ्या वर्षी शाळेला कुलूप लागलं. तू तरी शहरातल्या शाळेत लागलीस, एवढंच समाधान. तुझ्यासाठीच तर केलं होतं सगळं.

डिम्पना : माझ्यासाठी?

अट्रॅक्टा : नाहीतर कोणासाठी? चार वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकलीस. माझ्याच शाळेत शिक्षिका झालीस. तुला घालवू दिलं असतं मी?

डिम्पना : तुम्ही तिच्या अंत्ययात्रेलाही आला नाहीत.

अट्रॅक्टा : नाही आले.

डिम्पना : सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. दुकानं बंद होती. तुमच्या फाटकापाशी तिच्या नवऱ्याने, फेस्टसने, शवगाडी थांबवायला लावली.

अट्रॅक्टा : माहीत आहे. पडद्याआड उभी होते मी.

डिम्पना : आजारी असताना तिने निरोप पाठवला होता ना?

अट्रॅक्टा : दोनदा. भेटून जा म्हणाली. मी उत्तरसुद्धा दिलं नाही. ज्याने गळा कापला त्याला कसलं उत्तर द्यायचं? ... अगं, तू का रडतेस?

डिम्पना : तिने नाही लिहिलं, बाई.

अट्रॅक्टा : तुला काय माहीत?

डिम्पना : पत्र मी लिहिलं.

(कप बशीत ठेवल्याचा आवाज.)

अट्रॅक्टा : परत बोल.

डिम्पना : मी लिहिलं. जुळी माझ्या वर्गातली होती. रोज त्यांच्यापुढे 'हजर' मी लिहायचे, माझ्या अक्षरात. तीनदा म्हटलं तुम्हाला, नावं काढू या. तुम्ही म्हणालात, गप्प बस, तुला काय कळतं. कधी ना कधी उघडकीला आलं असतं, आणि आधी मी सापडले असते.

अट्रॅक्टा : म्हणून मला पुढे ढकललंस.

डिम्पना : हो.

अट्रॅक्टा : आणि शहरातली नोकरी?

डिम्पना : जागा गेली की खात्याला जवळच्या शाळेत घ्यावंच लागतं. ते ठाऊक होतं मला. मला जायचं होतं, बाई. तोच वर्ग, तोच स्टोव्ह, तीस वर्षांची झाले तरी तुमचं 'डिम्पना, सरळ बस'! जीव गुदमरायचा. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

अट्रॅक्टा : पत्राचं मी एक वेळ गिळलं असतं. तुला वाट्टेल ते बोलले असते, वर्षभर दारात उभं केलं नसतं, पण गिळलं असतं. सहा वर्षं, डिम्पना! दर रविवारी याच टेबलाशी बसून माझ्या हातचा केक खाल्लास. मी नुआलाला शिव्याशाप देत होते आणि तू ऐकत होतीस.

डिम्पना : दर रविवारी ठरवून यायचे, आज सांगायचंच. मग ती आजारी पडली. मग गेली.

अट्रॅक्टा : मग तुला वाटलं, सुटले.

डिम्पना : वाटलं. खोटं कशाला बोलू?

अट्रॅक्टा : तिला काय वाटत असेल गं, मी अशी का वागले म्हणून?

डिम्पना : तिला माहीत होतं. जानेवारीत मी सांगितलं तिला.

अट्रॅक्टा : तिला सांगितलंस! मला नाही?

डिम्पना : ती म्हणाली, 'बाईंना आता सांगू नकोस. त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे?'

अट्रॅक्टा : असं म्हणाली?

डिम्पना : असंच म्हणाली.

अट्रॅक्टा : मरायला टेकलेली ती, आणि काळजी माझी! ... माझा कोट दे.

डिम्पना : कुठे निघालात?

अट्रॅक्टा : फेस्टसकडे. घरी असेल ना तो?

डिम्पना : असेल. मी गाडीने सोडते.

अट्रॅक्टा : तुझ्या गाडीत नाही बसायचं मला. चालत जाईन.

डिम्पना : काय सांगणार त्याला?

अट्रॅक्टा : दारात उभी राहिले की सुचेल. नाही सुचलं तर नुसती उभी राहीन. तू ऊठ आता. पुढच्या रविवारी येऊ नकोस.

डिम्पना : आणि त्याच्या पुढच्या?

अट्रॅक्टा : आधी फेस्टस मला आत घेतो का ते पाहू दे.