बोरिंगच्या बातमीत वाघ

...आन् मंग शिकून भेटलं काय, मले तेवढं सांगा भाऊ! मी देवाजी, अंगठा लावनारा मानूस, कुरखेड्याच्या पुढं जंगलात आमचं गाव. पन माही नात संघप्रिया, थे पाच वर्सं नागपुरात रायून पत्रकारिता शिकली. बातमी कशी लिवाची, फोटो कसा काढाचा, खरं-खोटं कसं तपासाचं, सारं शिकली आन् तालुक्याची बातमीदार होऊन आली. मले म्हने, आबाजी, माह्या नावानं पयली बातमी छापून येईन तं आपल्या बोरिंगचीच. दोन वर्सं झाले बोरिंग बंद हाय, बाया कोसभर दूर नाल्यावरून पानी आनून राह्यल्या... आता हे बातमी नोहे का?

लिवली, फोटोसकट धाडली. तं तिचे नागपूरचे साहेब फोनवर कसे, तोंडात तंबाखूचा खर्रा धरल्यावानी, "वाघ आहे का त्यात?"

बोरिंगमंधी वाघ कुठून येईन भाऊ?

मंग आमच्या गावची केसरबाई पानी आनता आनता नाल्यावर घसरली, पाय मोडला. पोरीनं थेबी लिवलं. "वाघ मागं लागला होता का?" नाई साहेब, शेवाळ होतं. "मग राहू द्या. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करा." झालं! पाच वर्सं शिकलेली पोरगी दुकानोदुकानी शुभेच्छा मांगत फिरे. घरी आली का जेवे नाई. मले पाह्यवे नाई.

एक दिवस थे बोरिंगची बातमी चौथ्यांदा लिवून राह्यली होती. मी हळूच म्हन्लो, "बाई, काल नाल्यावर मी वाघ पाह्यलो."

आता आमच्या इथी वाघाचं नाव घेऊन कोनी खोटं बोलत नाई, लेकरूबी नाई. पोरीनं दुसऱ्यांदा इचारलं नाई. सारं तपासाले शिकली, आज्याले तपासाचं तेवढं रायलं.

छापून आली ना! पयल्या पानावर, तिचं नाव, वाघाचा एवढा मोठा फोटो... कुठचा वाघ कोन जाने. शेजारच्या चैतूनं वाचून दाखवलं. मी इचारलो, बोरिंग कुठी हाय? त्यानं पेपर दोनदा उलटा-सुलटा करून पाह्यला. तेवढी ओळ कापली होती.

तिसऱ्या दिवशी जंगलखात्याची गाडी आली, जंगल बंद! आन् दिवस कोनते? मोहफुलं येचाचे, गावाच्या सालभराच्या कमाईचे. झाडाखाली मोहफुलं सडून राह्यली, गाव घरी बसून माह्याकडं पाहून राह्यलं. सांगून टाकलो पोरीले.

ओरडली नाई. "आबाजी, तुमी?" एवढंच म्हनली, आन् माह्यासमोर साहेबाले फोन लावला. साहेब, वाघ नव्हताच, खुलासा छापा.

"त्या खुलाशात वाघ आहे का?"

"नाई, तेच तं सांगून राह्यली."

"मग कसं छापणार?"

काम सोडलं तिनं. आता नागपुरात एका पुढाऱ्याच्या हापिसात वाढदिवसाच्या शुभेच्छा लिवते. पंखा हाय, पगार हाय. फोन करते, आबाजी जेवलात का, इचारते. बोरिंगचं इचारत नाई.

इथी जंगलखात्यानं नाल्यावर दोन क्यामेरे बांधले, जो समोरून जाईन त्याचा फोटो. परवा गार्ड म्हने, तीन महिन्यात दोन हजार निघाले, सारे हंडेवाल्या बायांचे. माहा जीव हरकला. मी इचारलो, भाऊ, हे फोटो धाडता कुठी?

म्हने, धाडाचे काय? वाघ नसला तं पुसून टाकतो.

बरं भाऊ, म्हन्लो.