हिरवा गाल

…आणि वर मलाच विचारायचे, गाल हिरवा का? अहो, कडुनिंबाखाली बसवली होती मुलगी, दुपारचं ऊन पानांतून गळून तिच्या तोंडावर येत होतं, गाल हिरवा होता, मी काय करू? मुंबईत चार वर्षं चित्रकला शिकून छत्तीस साली गावी, कोरीटला, परतलो तो ठरवूनच, की राजेरजवाडे पुरे, देवदेवता पुरे, आता शेजारची फुली रंगवायची! मिरच्या खुडणारी साधी फुली! तिचं लग्न ठरलेलं, सासर लांब सुरतेला, म्हणून तिची आई रेवामावशी तिला नंदुरबारला फोटो काढायला नेणार होती. मीच आडवा आलो हो! म्हटलं, "मावशी, फोटो म्हणजे यंत्र! फ्रान्सचे चित्रकार ठरलेले रंग भरत नाहीत, उन्हात दिसतात तेच भरतात. मी तुला खरी फुली देतो!" खरी फुली… जीभ कशी झडली नाही माझी!

चार दिवस बसली बिचारी. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, तिसरा जरा घसरलेला. मी ते गाळणार होतो, रचना बिघडत होती ना! तर ही उठलीच. "गोंदताना मायनी मन्हं तोंड धरेल व्हतं, भाऊ. मी हालनू, तिसरा सरकना. ते नही काढशी तं मी बसाव नही!" चरफडत मिनिटभरात टेकवले तीन ठिपके.

चित्र पाहून दुकानदार पारसमलशेठ म्हणतात, "भाई, छोरी बीमार है कांई?" गाल हिरवा होता, मी काय करू! रेवामावशी चित्र माझ्याकडेच ठेवून गेली. फुली सासरी गेली. एक आखाजी गेली, दुसरी गेली, गावच्या साऱ्या लेकी माहेरी येऊन झोके घेऊन गेल्या, फुलीला काही सासरचे धाडेनात. तेव्हा मावशी माझ्या दारात. "बापू, माले मन्ही पोर दखाड."

चित्र उजेडात ठेवलं. बघतेय, बघतेय… "आठे कोठे शे ती?" आता काय सांगू? ऊन समजावू? आणि मग तिचं बोट हनुवटीवर गेलं, तिसऱ्या ठिपक्यावर थांबलं. "हाई शे मन्ही पोर!" म्हणाली. "बाकीनं पुसी टाक ना, बापू."

बाकीचं म्हणजे माझं चार वर्षांचं शिक्षण हो!

पुसलं नाही. घेऊन जा म्हटलं. आता ते तिच्या भिंतीवर आहे, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा, हनुवटी तेवढी उघडी. कालच डोकावून आलो… गाल हिरवा होता, तुम्हाला सांगतो, खरंच होता. पण आता विचारतंय कोण?