जिन्याजवळचं पॅनेल

शुक्रवारी बाबा नेहमीसारखे डबा घेऊन हॅम्बुर्गच्या हँगरवर गेले. तिथं एक जुनं, दोन मजली जम्बो विमान आतून नवं करायचं काम चालू होतं; त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. रविवारी ते वारले. सगळ्यांना फोन भावानं केले. मला ते तोंडानं सांगणं जमत नव्हतं.

आज बसमध्ये माझ्यापुढे त्यांच्याच हँगरची जॅकेटं घातलेले दोघे बसले होते.

“म्हातारीच्या खुर्च्या बसल्या?”

“सगळ्या. जिन्याजवळचं पॅनेल तेवढं उघडं आहे.”

“अजून? लाव की लेका!”

“हेनिंगनं उघडलंय. ज्यानं उघडलं, त्यानंच बंद करायचं.”

“अरे, पण तो...”

“माहितीय मला! तू लावतोस?”

“मी? छे.”

“मग गप्प बस.”

मी पुढे वाकले.

“लावून टाका ते. मी हेनिंगची मुलगी. बाबा गेले.”