मायाप्पाचं घोंगडं

मंडळी, एक प्रश्न विचारतो. ऐकायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाशी बोलावं कसं? घरोघरी असा एक असतोच. हसू नका — ज्याला आपल्या घरात तो दिसत नाही, त्यानं आरशात बघावं!

तर ऐका. मायाप्पा नावाचा म्हातारा धनगर. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं घेऊन घराकडं परतत होता. संगं मुलगा बिरू, सून ठकूबाई, तिची दोन लेकरं. नदीकाठी एका सखल जागी, करंजाखाली त्यांचा तळ पडला. आणि त्यांच्यात रीत अशी, की वडीलधाऱ्यानं आपलं घोंगडं उचलल्याबिगर तळ हलत नाही.

दुपार कलली. वरच्या अंगाला आभाळ काळंभोर. पाणी गढूळलं.

बिरू म्हणाला, "आबा, लोंढा येनार. टेकाडावर चला."

"न्हाई."

बिरूनं गढूळ पाणी दाखवलं, आभाळ दाखवलं, हात जोडले, मग ओरडला. घसा बसला, पण म्हातारा बसला तो बसलाच! ठकूबाईही चिडली. "मामा, तुमच्या हट्टापायी माझी लेकरं बुडवता का?" त्यानं तोंड फिरवलं.

आता बघा हं. तोंड फिरवलं, पण हात? हात घोंगड्याखालची माती थोपटत होता. निजलेल्या लेकराला थोपटावं तसा! ठकूबाईनं ते पाहिलं मात्र, तिचा सगळा राग गेला. ती त्याच्याजवळ बसली.

"मामा, हितं कोन हाय?"

म्हातारा म्हणाला, "तुजी सासू. बिरूला जल्म दिला आन् गेली. कळप थांबत न्हाई, पोरी. माती दिली आन् तसाच चाललो. तवापास्नं दरसाल एक रात तिच्यापाशी काढतो. आज पान्याला भिऊन तिला पुन्यांदा टाकून जाऊ व्हय?"

बिरू ऐकत होता. आई कुठं गेली, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही त्या मातीवर हात ठेवला.

ठकूबाईनं वाद घातला नाही. करंजाच्या बुडाशी एक दगड होता, तो तिनं उचलला. त्याला भंडारा लावला, पदरात घेतला. "आत्याबाई, औंदा आमच्यासंगं चला." आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "मामा, त्या निघाल्या."

काय बाई असेल ती! कुठल्या शाळेत शिकली असेल हे?

मायाप्पानं पदराकडं पाहिलं. उठला. घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं, आणि सगळा कळप हलला.

सगळी टेकाडावर पोचतात न पोचतात, तोच पायाखालची जमीन थरथरायला लागली. नदी आली! अख्खा करंज उभाच्या उभा वाहत गेला. म्हाताऱ्यानं पाण्याला हात जोडले, आणि मग सुनेच्या पदरातल्या दगडाला.

मंडळी, बिरूचं काही चुकलं होतं का? नाही! पण तो बोलत होता पाण्याचं, आणि म्हातारा पाण्याविषयी बोलतच नव्हता. देव त्या दोघांच्या मध्ये, त्या मातीत बसला होता. हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

टाळ जरा थांबवा. तुमच्या घरातला तो हट्टी माणूस डोळ्यांपुढं आणा. आला? त्याला समजवायला किती वेळा गेलात, ते मी विचारत नाही. त्याच्याजवळ बसून, तो काय सोडून यायला भितोय, हे कधी विचारलंत का? नाही ना? मग आज आरतीला थांबू नका. उठा, घरी जा. देवाला मी सांगतो.