माऊलीच्या नावाची दहीसाखर

गारखेड्यातल्या दवाखान्यात माझ्या पुढच्या खुर्च्यांवर दोघी शेजारणी, सारजामावशी आणि जाहेदा. मावशींच्या हातात साखरेचा रिपोर्ट.

"मावशी, एवढी कशी वाढली? भात तर सोडला ना तुम्ही?"

"भाताचं नाय गं जाहेदा. आमचा पोरगा माऊली तिकडं जर्मनीत परत शाळंत जातोय."

"माऊलीभाई? पन्नाशीला आले की."

"कंपनीत नवी मशिनं आली. दर आठवड्याला परीक्षा, पास झाला तरच नोकरी राहणार. बाकावर शेजारी साठीची बाई बसती म्हणे. ती बी शिकतीय."

"या अल्ला. पण त्याचा साखरेशी काय संबंध?"

"परीक्षेला निघताना हातावर दहीसाखर ठेवायची आपली रीत. तो तिथं, मी इथं. मग तो वर्गातनंच फोनवर समोर बसतो आन् त्याच्या नावानं मी खाते."

"एका चमच्यानं एवढी वाढत नाय."

"त्या बाईनं बघितलं. तिची आई कवाच गेली. म्हणाली, माझ्या नावानं बी खा. मग वर्गातली बाकीची बी फोनसमोर यायला लागली. आई नसलेल्या लेकरांना नाय कसं म्हणू?"

"साठीची लेकरं."

"शाळंत जातं ते लेकरूच की."

"आता डॉक्टर लई ओरडणार."

"ओरडू दे. सोमवारी त्यांची मोठी परीक्षा हाय, तेवढी गोळी वाढवून द्या म्हणते."