खोडलेल्या एकोणीस ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आल्डरवेलचे नगराध्यक्ष माननीय मिस्टर सगडेन. आमच्या नाट्यगृहाचे दिग्दर्शक आणि व्यवस्थापक मिस्टर पेंबर्टन. व्यासपीठ भरून बसलेले आमचे ज्येष्ठ नट मिस्टर मार्श. आजच्या सत्कारमूर्ती मिस ईडिथ लम. आणि मिस लमवरच्या प्रेमापोटी आलेले, तसेच बुधवारी अर्धा दिवस दुकानं बंद म्हणून आलेले रसिकहो,

मी हेस्टर गारसाइड. या रंगमंचावर माझी एकेचाळीस वर्षं गेली, आणि तरी आज मी चुकीच्या विंगेतून आत आले. हसू नका, मिस्टर मार्श. दुसऱ्याचं लिहिलेलं बोलायची सवय असलेल्या बाईला स्वतःचं बोलायला उभं केलं की हे असं होतं. तसा मिस्टर पेंबर्टन यांनी मला कागद टाइप करून दिलाय. सुरेख आहे. पण त्यात दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, तिथे माझी गाडी सकाळपासून अडते. त्याच्याकडे येते मी नंतर.

मिस लम अडतीस वर्षं आमच्या प्रॉम्प्टर होत्या. डाव्या विंगेत एक उंच स्टूल, गुडघ्यावर संहितेची वही, खिशात पेपरमिंट. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, आणि पाहिलं असतंत तर त्यांना ते अजिबात चाललं नसतं. आमच्याकडे मुद्दाम घेतलेल्या विरामासमोर वहीत पेन्सिलीने बरोबरची खूण करतात. खूण असेल तर प्रॉम्प्टरने गप्प बसायचं. खूण नसताना नट थांबला, म्हणजे तो विसरला. त्याला पुढचे दोन शब्द द्यायचे. दोनच. मिस्टर मार्श यांना कधीकधी अख्खं पान द्यावं लागायचं, ते सोडा.

आता मी काय काय केलं या मंचावर? एकोणिसाव्या वर्षी प्रेमापायी पाण्यात जीव देणाऱ्या मुली केल्या. तिशीत नवऱ्याने उगाच संशय घेतलेल्या बायका केल्या. चार अंक तो आरडाओरडा करणार, आणि पाचव्यात आम्ही दोन ओळींत त्याला क्षमा करणार! दोन ओळी! माझ्या सख्ख्या बहिणीने नवऱ्याला इस्त्रीने कॉलर जाळल्याबद्दल याहून जास्त वेळ ताटकळत ठेवलं होतं. चाळिशीत तर आम्हाला कामच नसतं. पुरुषाचे केस पिकले की त्याला राजा मिळतो, बाईचे पिकले की दाई. फार फार तर राजाची आई.

ती आई मी गेली अकरा वर्षं करतेय. आपलं ते राजाचं जुनं नाटक, दर वसंतात लागतं ते. शेवटी प्रेतांचा खच पडतो, सेनापती भाषण करतो, आणि राजमाता काळी शाल घेऊन कोपऱ्यात उभी. तिने सगळ्यात जास्त गमावलंय, आणि ती बोलत काहीच नाही. तुम्हाला कधी प्रश्न पडला का? मलाही नव्हता पडला. या हिवाळ्यात शिंप्याकडे शाल द्यायची होती म्हणून विंगेत गेले, तर मिस लम म्हणाल्या, “तुला दाखवू का एक गंमत?” आणि वहीचं शेवटचं पान काढलं. राजमातेच्या एकोणीस ओळी! निळ्या पेन्सिलीने आडव्या मारलेल्या. शेजारी तारीख, चौऱ्याण्णव वर्षांपूर्वीची, आणि कोणा जुन्या व्यवस्थापकाची टीप: प्रेक्षकांची घरी जायची शेवटची घोडागाडी चुकते. घोडागाड्या गेल्या, ट्राम आली, तीही गेली. ओळी खोडलेल्याच राहिल्या.

राजाच्या पेल्यात विष कोणी कालवलं ते त्या म्हातारीला माहीत असतं हो! त्या ओळींत ती ते सांगते.

मला झोप लागेना. मिस्टर पेंबर्टन यांना विचारलं. ते म्हणाले, “हेस्टर, लोकांना घरी जायचं असतं.” मग मी मिस लमकडे गेले. म्हटलं, “गुरुवारी दुपारच्या खेळाला मी शेवटी हलले नाही, तर...” त्यांनी हात वर केला. “मला काही सांगू नकोस, पोरी. वहीत खूण नाही. तू थांबलीस तर तुला शब्द देणं माझं काम आहे.”

मी थांबले. सेनापतीचं भाषण संपलं, पडदावाला दोरीला हात घालतोय, आणि मी दोन पावलं पुढे येऊन उभी राहिले. विंगेतून आवाज आला. दोन शब्द. पुढचे मी बोलले. सहाव्या ओळीला, प्रेत होऊन पडलेल्या मिस्टर मार्श यांनी एक डोळा उघडला. नवव्या ओळीला पडदा पडला.

मिस्टर पेंबर्टन धावत आले. “खोडलेली ओळ दिली कोणी?” माझं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण मिस लम स्टुलावरून उतरल्या आणि म्हणाल्या, “माझे डोळे गेले आता. खोडलेलं दिसलं नाही. हेस्टर बिचारी गोंधळून पुढचं बोलत सुटली.” आणि जाता जाता माझ्या कानात, “शनिवारी यादी लागतेय. गप्प बस.”

यादी म्हणजे शरद ऋतूतल्या नाटकांची. त्यात एक म्हातारी सरदारीण आहे, पाचही अंकांत बोलते, पुरुषांना दारातून हाकलून देते. साठीच्या बाईला असं काम जन्मात एकदा मिळतं. शनिवारी यादी लागली. त्या कामासमोर माझं नाव होतं. सोमवारी मिस लमना सन्मानाने निवृत्त करायचं ठरलं.

त्याला आज तीन महिने झाले. मी गप्प आहे. रोज तालमीला येते, संवाद पाठ करते, आणि डाव्या विंगेकडे बघायचं टाळते.

आता ते वाक्य. “वयोमानानुसार दृष्टी मंदावल्याने झालेली एकमेव चूक वगळता निष्कलंक कारकीर्द.” हे मी वाचणार नाही, मिस्टर पेंबर्टन. नाही, बसा, चहा निवतोय तुमचा. या बाईने अडतीस वर्षांत चुकीचा शब्द कोणाला दिला नाही, त्या दिवशीही नाही. मी ठरवून थांबले होते. सरदारीण ज्यांना द्यायची त्यांना द्या. मला रडू येईल, फार रडू येईल, ते माझं मी बघेन. पण त्या स्टुलावर दुसऱ्या कोणाला बसवण्याआधी मिस लमना विचारा.

अध्यक्षमहाशयांचे, चहापाण्याची व्यवस्था बघणाऱ्या महिला मंडळाचे आणि इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. न बोलण्यात जे झालं त्याची माफी मात्र मी पहिल्या रांगेत बसलेल्या एकाच बाईकडे मागते. मिस लम, मी...

काय म्हणालात, मिस लम? आवाज पडला? मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही?

बरं. मागच्या रांगेसाठी पुन्हा सांगते. मिस लम चुकल्या नाहीत. चुकले मी, आणि त्यांना चुकीचं ठरू दिलं.